मुंग्या, फडफड, थरथर आणि 'मेंदूचं काही मोठं तर नाही ना?' ही भीती

ताम्हण

पोटरी फडफडते, बोटांना मुंग्या येतात, हात थरथरतो, चालताना तोल गेल्यासारखा वाटतो. मोबाइलवर शोधावं तर पहिल्याच पानावर एएलएस (स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार), एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार), ब्रेन ट्यूमर आणि पार्किन्सन्स हजर, की झोप उडालीच. अशा माणसाला 'काही होत नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस' असं सांगून भागत नाही. लक्षणं खरी असतात आणि भीतीही खरी असते. कशासाठी लगेच धावायचं, कशासाठी थांबायचं आणि एकदा नीट तपासून झाल्यावर पुढे काय करायचं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी घाईच्या गोष्टी. यांत 'माझा स्वभावच घाबरट आहे' असं म्हणून वेळ काढायचा नाही.

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एका बाजूच्या हातापायातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं किंवा समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, तर पक्षाघात समजून थेट रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ सांगता आली पाहिजे. लक्षणं दहा मिनिटांत ओसरली तरी त्याच दिवशी जायचं.

डोकेदुखी मिनिटभरात कळसाला पोचली. तापासोबत मान आखडली आणि गुंगी आली. पहिल्यांदाच फिट आली. एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं. दोन्ही पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा काही दिवसांत वर चढत गेला आणि जिना चढवेना किंवा श्वास पुरेना (हा गियाँ-बारे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच उलटण्याचा आजार, असू शकतो). कंबरदुखीसोबत बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आत बधिरता आली, लघवी अडकली. यातलं काहीही झालं तरी आजच्या आज.

यापलीकडच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींना एक प्रश्न उपयोगी पडतो: नुसतं *जाणवतंय*, की काही *जमेनासं* झालंय? पाय जड वाटणं वेगळं आणि चालताना पाऊल घासून चप्पल पुन्हापुन्हा निसटणं वेगळं. हातात जोर नाही असं वाटणं वेगळं आणि काल लागत होतं ते शर्टाचं बटण आज न लागणं वेगळं. न्यूरोलॉजिस्ट ज्याला अशक्तपणा म्हणतात तो हा दुसरा. तो मन दुसरीकडे असतानाही राहतो आणि बहुधा आठवड्यागणिक वाढत जातो.

---

बकुळ

चांगला धागा. फडफडीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त घबराट तिचीच.

स्नायूंचा एखादा छोटा पुंजका आपोआप आखडला की कातडीखाली काहीतरी उडाल्यासारखं दिसतं. पापणी लवणं हा त्याचाच भाऊबंद. पोटऱ्या, मांड्या, दंड, अंगठ्याचं मूळ या नेहमीच्या जागा. निरोगी माणसांत हे सर्रास आढळतं. अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, सवयीपेक्षा जास्त व्यायाम, दम्याचा साल्बुटामॉल पंप, थायरॉईडचं औषध जास्त होणं, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कमी होणं आणि खुद्द भीती, यांतल्या कशानेही ती वाढते. भीतीने सुटलेलं ॲड्रेनलिन नस आणि स्नायू दोन्ही उत्तेजित ठेवतं, त्यामुळे 'घाबरलो म्हणून फडफड, फडफड म्हणून घाबरलो' असं चक्र आठवडेच्या आठवडे फिरत राहतं.

मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये अशी नुसती फडफड असलेल्या १२१ जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचा पाठपुरावा २ ते ३२ वर्षं झाला होता. एकालाही एएलएस झाला नाही.

एएलएस मुळात दुर्मीळ. वर्षाला लाखामागे साधारण १ ते २ नवे रुग्ण, बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे. त्याची सुरुवात सहसा अशी: एकाच हाताचं किंवा पायाचं बळ, दुखल्याशिवाय, हळूहळू जातं. किल्ली फिरवता येत नाही, पाऊल वर उचलत नाही. किंवा शब्द जड होतात आणि पाणी पिताना ठसका लागायला लागतो. त्याच जागेचा स्नायू वितळतो आणि फडफड त्या वितळणाऱ्या स्नायूत असते. आज पोटरी, उद्या पापणी, परवा पाठ अशी अंगभर भटकणारी फडफड आणि ताकद मात्र शाबूत, हा चेहरा त्या आजाराचा नाही.

---

ठिपका

दोन शंका. जीभ बाहेर काढून आरशात बघितली तर कडा थरथरताना दिसतात, ते काय? आणि एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक वाटली तर ती वितळतेय की नाही हे घरी कसं ओळखायचं?

---

बकुळ

@ठिपका, जीभ बाहेर काढून बघूच नये. बाहेर ताणलेली जीभ प्रत्येकाचीच थरथरते, कारण ती तशी धरून ठेवायला स्नायू राबत असतात. डॉक्टर ती तोंडातच, सैल पडलेली असताना बघतात. आरशासमोर टॉर्च धरून स्वतःची जीभ पूर्णपणे सैल सोडणं जवळपास अशक्य, म्हणून ही घरची तपासणी निरर्थक. कडांवरचे दातांचे ठसेही बहुतेकदा निरुपद्रवी असतात.

पोटऱ्यांचं म्हणाल तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतातच. सेंटिमीटरभर फरक नेहमीचा, वापरातल्या बाजूचा हात आणि दंड जाड असतो. टेप अर्धा इंच वर-खाली सरकला, थोडा जास्त ताणला, आदल्या दिवशी चालणं जास्त झालं, एवढ्यानेही आकडा बदलतो. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर खूण करून मोजतात आणि त्याहून जास्त भर बळावर देतात.

आणखी काही घरगुती 'चाचण्या' ज्या स्वतःच लक्षण तयार करतात:

दिवसातून वीसदा टाचांवर आणि चवड्यांवर चालून बघणं. नडगीचे आणि पोटरीचे स्नायू दमतात, दुखतात, थरथरतात, आणि तोच 'अशक्तपणा' वाटतो.

लागोपाठ कोरडं गिळून बघणं. चौथ्या-पाचव्या वेळी तोंडात लाळच उरत नाही, मग गिळणं अडतं. घशात गोळा वाटणं जेवताना कमी होत असेल तर ते बहुतेकदा घशाच्या स्नायूंचा ताण किंवा आम्लपित्त. घास अडकणं, पाणी नाकातून येणं, जेवताना वारंवार ठसका लागणं, हे दाखवायचं.

गुडघ्यावर हातोडी, तळव्यावर किल्ली ओढून बघणं. घाबरलेल्या माणसाच्या प्रतिक्षिप्त क्रिया जोरातच असतात. दोन्ही बाजूंना सारख्याच जोरात असतील तर त्याला एकट्याला फारसा अर्थ नाही. तळव्याची चाचणी स्वतःवर करताना गुदगुल्यांनी पाय मागे ओढला जातो आणि अंगठा वर गेल्यासारखा वाटतो.

---

पायवाट

मुंग्या आणि बधिरपणा माझ्याकडे. इथे 'कुठे, किती वेळ, कशाने' या तीन उत्तरांत निम्मं निदान होतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो: मनगटातली नस दबलेली, म्हणजे कार्पल टनल. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा साधारण सहा आठवडे बांधून बघतात. पट्टा मनगट मागे वाकवणारा नको, सरळ ठेवणारा हवा. इथे बरेच जण चुकतात.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू: कोपरातली नस. फोन कानाला लावून किंवा कोपर दुमडून झोपल्याने दबते.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा सुन्न किंवा जळजळणारा पट्टा: जांघेपाशी दबलेली, नुसत्या संवेदना वाहणारी नस. घट्ट पट्टा किंवा वाढलेलं वजन हे नेहमीचं कारण. तिच्याकडे स्नायूच नाहीत, त्यामुळे पाय लुळा पडत नाही.

पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पाऊल खरोखर उचलेनासं होऊ शकतं. पटकन वजन कमी झालेल्यांत जास्त. ही खरी कमजोरी आहे, डॉक्टरांना दाखवायचीच, पण ती एएलएस नव्हे.

दोन्ही पायांचे तळवे मोज्यासारखे सुन्न, मग हळूहळू वर, मग बोटांची टोकं: मधुमेह, बी१२ ची कमतरता, दारू, काही औषधं. यात चालढकल नको. बी१२ बद्दल एक गोष्ट ठासून सांगतो: हिमोग्लोबिन व्यवस्थित असलं तरी बी१२ अभावी नसा आणि मज्जारज्जू खराब होऊ शकतात. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांची हानी मात्र चालूच राहते. पूर्ण शाकाहारी माणसं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी हे आधी तपासावं. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. त्यात असाल तर कमतरता खरी आहे का हे ठरवायला मिथाइलमॅलॉनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन या रक्तचाचण्या बघतात. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झालं तर नुकसान पूर्ण भरून येत नाही. गंभीर आजाराच्या भीतीत बुडालेला माणूस हे साधं, बरं होणारं कारण विसरतो याचं फार वाईट वाटतं.

आता भीतीतल्या मुंग्या. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना, दोन्ही हातांना, सोबत छातीत घट्टपणा आणि डोकं हलकं. हा जोरजोरात किंवा गरजेपेक्षा जास्त श्वास घेण्याचा परिणाम. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, म्हणून नसा चटकन पेटतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, त्यामुळे चक्कर आणि 'मी इथे नाहीच' असं वाटणं. धापा टाकल्यासारखं दिसलंच पाहिजे असं नाही. दर मिनिटाला उसासे टाकणं, सतत जांभया, तेवढ्यानेही होतं. उपाय: नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, दहा मिनिटं. श्वास *खोल* नको, *सावकाश आणि कमी* हवा. 'दीर्घ श्वास घ्या' असं सांगून लोक नकळत त्रास वाढवतात. कागदी पिशवीत श्वास घेणं टाळा, दमा किंवा हृदयविकार असेल तर धोक्याचं आहे.

एमएसची भीती असणाऱ्यांसाठी: त्याचा झटका काही तासांत ते काही दिवसांत वाढत जातो, किमान २४ तास टिकतो आणि बहुधा आठवडे राहतो. एका डोळ्याने रंग फिके दिसणं आणि डोळा हलवताना दुखणं, छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं, कमरेखालचा एक भाग दिवसेंदिवस सुन्न, मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी कळ (ही मानेच्या झिजेने आणि बी१२ अभावीही येते). तीस सेकंद गालाला, मग पायाला, मग टाळूला अशी धावती झिणझिण त्यात बसत नाही.

---

सांजवेळ

@पायवाट, माहिती उत्तम आहे, तरी एक धोका दाखवते. ज्याला आरोग्याची चिंता जडली आहे तो ही यादी उद्या सकाळी स्वतःवर लावून बघेल आणि परवा पुन्हा. चांगली माहितीही त्या माणसासाठी चाळा होऊ शकते. म्हणून तपासणी किती वेळा आणि कोणी करायची हे इथेच लिहू या.

---

ताम्हण

मान्य. क्रम असा ठेवावा.

एकच डॉक्टर निवडायचा आणि त्यांच्याकडे एका कागदावर लिहून जायचं. कधी सुरू झालं, सेकंदांत की दिवसांत आलं, नेमकं कुठे, किती वेळ टिकतं, कशाने वाढतं-कमी होतं, *काय करता येत नाही*, चालू आणि नुकतीच बंद केलेली औषधं, पूरक गोळ्या, दारू, झोप, घरातले आजार. येऊन-जाऊन असणाऱ्या गोष्टीचा मोबाइलवर व्हिडिओ. आणि सगळ्यात मोठी भीती नाव घेऊन सांगायची: 'मला एएलएसची भीती वाटते.' ते न सांगता फक्त 'अशक्तपणा' म्हटलं तर डॉक्टर भलतीकडे शोधतात आणि मनातला प्रश्न अनुत्तरितच घरी परत येतो.

हातोडी, टाचणी, ट्यूनिंग फोर्क, डोळ्यांतली पडद्याची तपासणी, चाल, स्नायूंचं बळ ० ते ५ या श्रेणीत: ही पंधरा-वीस मिनिटांची तपासणी कोणत्याही स्कॅनइतकीच मोलाची. ती नॉर्मल असेल तर बहुतेकांना रक्तातल्या थोड्या चाचण्या पुरतात: रक्तगणना, साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईडसाठी), बी१२, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंड, गरज वाटल्यास सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य). इथे तीन फसव्या जागा. सीके जोरदार व्यायामानंतर काही दिवस कितीतरी पट वाढलेला राहतो, म्हणून आधी आठवडाभर जिम बंद. केसांसाठीच्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात, ते आधी दोन-तीन दिवस डॉक्टरांना विचारून थांबवा. आणि चाचणीच्या आधीच बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता कधीच कळत नाही.

ईएमजी (स्नायूत सुई घालून त्याची विद्युत हालचाल बघणारी तपासणी) मागायची घाई करू नये. नस दुखावल्यानंतर स्नायूत तुटीची चिन्हं दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. मात्र खरी कमजोरी असेल तर ईएमजी फार उपयोगी, आणि ती अनुभवी माणसानेच करावी. कमजोर जागेत केलेली ईएमजी नॉर्मल आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा, 'लवकर केली म्हणून चुकली असेल' हा धागा ओढत बसू नये.

---

रानवारा

मनाच्या समाधानासाठी एकदा एमआरआय काढून टाकला तर काय बिघडलं? विषय तरी संपेल.

---

बकुळ

संपत नाही, बऱ्याचदा नवा सुरू होतो. रॉटरडॅममध्ये २००० प्रौढांचे मेंदूचे स्कॅन काढले होते (सरासरी वय ६३, निष्कर्ष २००७ मध्ये आले). कसलीही तक्रार नसताना ७.२ टक्क्यांत इन्फार्क्टच्या, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाच्या खुणा, १.८ टक्क्यांत धमनीचा फुगा, १.६ टक्क्यांत साधी गाठ निघाली. मणक्याचं तर त्याहून जास्त: काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसते, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. 'पांढरे ठिपके आहेत, क्लिनिकली कोरिलेट करा' (म्हणजे लक्षणांशी ताडून बघा) एवढी ओळ रिपोर्टवर आली की घाबरलेला माणूस पुढचे सहा महिने त्या ओळीत अडकतो.

तपासणीत काही सापडलं, डोकेदुखीची तऱ्हा पन्नाशीनंतर बदलली, ती झोपेतून उठवते आणि सकाळी उलटीसह असते, खोकल्याने वाढते, कर्करोगाचा इतिहास आहे, तर एमआरआय जरूर. कारण डॉक्टरांनी सांगितलेलं असावं, भीतीने सांगितलेलं नसावं.

---

सांजवेळ

@रानवारा, तुमच्या प्रश्नातच मेख आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की दिलासा मिळतो, पण दिलाशाने मेंदू शिकतो की 'भीती तपासणीने शमली'. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी तपासणी मागतो. सालकोव्हस्कीस आणि वॉर्विक यांनी १९८६ मध्येच हे मांडलं: वारंवार मागितलेला दिलासा आजाराची भीती टिकवून धरतो. खाजवल्याने खाज जशी वाढते तसं हे. आणि शंकेला पूर्ण खात्री हवी असते. ती वैद्यकशास्त्र कुणालाच देऊ शकत नाही.

दिलाशाची रूपं ओळखली पाहिजेत. सर्च करणं, मंच वाचणं, चॅटबॉटला तोच प्रश्न शब्द फिरवून विचारणं, आरसा, टेप, नाडी, मुठीचा जोर मोजणारं ग्रिप मशीन, घरच्यांना 'माझा आवाज बदललाय का गं?' असं विचारणं, आजाराशी संबंधित बातमी आली की चॅनल बदलणं. टाळणं हेही त्याच साखळीतलं. चॅटबॉटचं विशेष सांगते, कारण तो कधीच कंटाळत नाही आणि रात्री दोनलाही उत्तर देतो. माणूस तरी म्हणतो, पुरे आता.

काम असं करतात. पहिला आठवडा काही बदलायचं नाही, फक्त प्रत्येक तपासणीला एक रेघ ओढायची. लक्षणाची नोंद नको, *तपासणीची* नोंद. लक्षणांची डायरी लिहायला लागलात तर दिवसभर अंगाकडेच लक्ष राहील. समजा रोज चाळीस रेघा निघाल्या. दुसऱ्या आठवड्यात वीस, तिसऱ्यात दहा. काही सवयी एकदम बंद केलेल्या बऱ्या (टेप फेकून द्या, ग्रिप मशीन कुणाला देऊन टाका), काहींची वेळ पुढे ढकलायची. तपासावंसं वाटलं की वीस मिनिटं थांबायचं. या वीस मिनिटांत ओढ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा उतरते, तपासणी न करताच. ती उतरलेली बघणं, हाच उपचाराचा गाभा.

एक प्रयोग कुणालाही करता येतो. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाकडे दोन मिनिटं पूर्ण लक्ष द्या. ठोके, गरमपणा, झिणझिण, काहीतरी जाणवेलच. मग दोन मिनिटं खोलीतले सगळे आवाज मोजा. बोट कुठे गेलं? शरीर तेच होतं, लक्ष हललं.

मग दोन तक्ते. 'अ: मला न्यूरॉलॉजिकल आजार आहे. ब: मला आजाराची भीती आहे आणि ती शरीर ढवळतेय.' प्रत्येकाखाली पुरावा लिहायचा. लिहिताना लक्षात येतं की 'अ' चा पुरावा म्हणजे जाणवणं, आणि 'ब' चा पुरावा म्हणजे सुट्टीत फडफड कमी, भांडणानंतर जास्त, कामात गुंतल्यावर गायब. पुढचा प्रश्न: गेले सहा महिने मी कोणता प्रश्न सोडवत बसलो?

हे एकट्याने जमलं नाही तर प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती). इंग्लंडमध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या ४४४ जणांवर झालेल्या चाचणीत तिचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला दिसला.

---

गवतफुल

घरच्यांनी काय बोलायचं? विचारणारा माणूस आपला असतो, गप्प बसवत नाही.

---

सांजवेळ

@गवतफुल ताई, चांगल्या वेळी, दोघं शांत असताना, आधी ठरवून घ्या. एक वाक्य निश्चित करा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. उदाहरणार्थ, 'हा भीतीचा प्रश्न आहे ना? मग आपण ठरवलंय तसं मी उत्तर देत नाही, पण तुझ्याजवळ बसते.' आवाज मऊ, शब्द तेच. चुकूनही जीभ बघायची नाही, पोटरी दाबायची नाही, रिपोर्ट पुन्हा वाचायचा नाही. 'नाटकं करतोस' म्हणायचं नाही, कारण त्याला त्रास खरोखर होतोय. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस विचारणं वाढतं, तेव्हाच बहुतेक घरं हार मानतात.

पण धाग्याच्या सुरुवातीची घाईची यादी या नियमाच्या बाहेर. ते दिसलं तर ठरलेलं वाक्य बाजूला.

---

पायवाट

थरथर आणि विसराळूपणावर थोडक्यात. हात पुढे धरले की बारीक, वेगवान थरथर सगळ्यांचीच असते. भीती, कॉफी, थायरॉईड यांनी ती दिसायला लागते. पार्किन्सन्सची थरथर संथ (सेकंदाला ४ ते ६ वेळा), हात मांडीवर *निवांत* असताना, एका बाजूने सुरू होणारी, सोबत हालचालींचा संथपणा आणि बारीक होत जाणारं अक्षर. कप उचलताना दोन्ही हात हलत असतील आणि घरात इतरांनाही असेल तर ती बहुतेकदा अनुवंशिक थरथर.

विसरण्यात, 'मी कालच्या तीन गोष्टी विसरलो' असं तारीखवार सांगणारा माणूस बहुधा चिंता, झोप, नैराश्य यांत अडकलेला असतो. ज्याच्या विसरण्याची काळजी त्याच्यापेक्षा घरच्यांना जास्त आहे, त्याला आधी न्या.

आणि एक गट राहिला: पाय खरोखर उचलत नाही, पण तपासणीत हूवरचं चिन्ह दिसतं (दुसरा पाय जोरात उचलायला सांगितला की 'लुळ्या' पायाची टाच खाली नेमकी दाबली जाते). हा फंक्शनल विकार. यंत्रणा शाबूत आहे, चालवण्यात गडबड आहे. हे नाटक नाही आणि 'काहीच नाही' असंही नाही. त्यासाठी वेगळी फिजिओथेरपी असते.

---

रानवारा

पटलं. गोळ्यांचं काय?

---

बकुळ

मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, पण न्यूरोच्या भीतीशी जोडलेल्या चार गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

एसएसआरआय गटाच्या (चिंता-नैराश्यावरच्या) गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्त. पहिले एक-दोन आठवडे अस्वस्थता, थरथर, फडफड *वाढू* शकते, मळमळ होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस 'आजार वाढला' समजून गोळी सोडतो. म्हणून कमी मात्रेने सुरुवात मागून घ्या. पंचविशीच्या आतल्यांत या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

गोळी अचानक बंद केली तर डोक्यात विजेचे झटके, चक्कर, मुंग्या येतात. लोक त्यालाच एमएस समजतात. हळूहळू कमी करत आणायची.

झोपेच्या, चटकन शांत करणाऱ्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे) महिनोन्‌महिने घेतल्या तर सवय लागते, आणि एकदम सोडल्या तर थरथर, फडफड, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. स्वतःहून तोडू नका.

थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

---

ठिपका

सगळं झालं, भीती बरीच उतरली, आणि मग महिन्याभराने एकदम नवंच लक्षण आलं तर?

---

ताम्हण

येणारच, शरीर आहे. तापानंतर, रात्रपाळीत, परीक्षेच्या दिवसांत हमखास. आधी घाईची यादी. त्यात बसलं तर लगेच. काही *जमेनासं* झालं असेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टर. नुसतं *जाणवत* असेल तर कॅलेंडरवर दोन आठवड्यांनंतरची तारीख टाकायची आणि तोवर सर्च नाही, तपासणी नाही, कामं-व्यायाम चालू. बहुतेक गोष्टी त्या तारखेच्या आत स्वतःच विरतात. तारखेला लक्षण तसंच टिकून किंवा वाढलेलं असेल तर त्याच एका डॉक्टरकडे, तोच कागद पुढे चालवत. नवा डॉक्टर, नवी लॅब, नवा स्कॅन नाही.

शिवाय शक्य असेल तर त्या डॉक्टरांकडे दर चार-सहा आठवड्यांनी ठरलेली भेट ठेवा, त्रास असो वा नसो. लक्षण आलं म्हणून भेट मिळते हे नातं तुटलं पाहिजे. भेटीत थोडक्यात तपासणी आणि झोप-कामाची चौकशी, आणि जाताना एक प्रश्न विचारून घ्या: 'कोणती गोष्ट घडली तर मी ठरलेल्या भेटीच्या आधी यायचं?' उत्तर त्यांच्या हाताने कागदावर लिहून घ्या. तो कागद फ्रिजला लावला तरी चालेल.